आयटी कंपनीच्या संचालक मंडळात नेमके कोण बसते? ऑफर लेटर स्वीकारण्याआधी, शेअर घेण्याआधी हे तपासा

कोल्हापूर : आपल्याकडे ‘संचालक’ म्हटले की गोकुळ, जिल्हा बँक नाही तर साखर कारखाना आठवतो. पॅनेल, ठरावधारक, सहलीवर गेलेले मतदार आणि निकालाच्या दिवशीचा गुलाल. २०२१ मध्ये गोकुळच्या २१ पैकी १७ जागा विरोधी आघाडीने जिंकल्या, तेव्हा कोणत्या तालुक्यातून कोण निवडून आले हे चहाच्या टपरीवरही तोंडपाठ होते.

याच जिल्ह्यातील हजारो मुले-मुली पुण्यातील आयटी कंपन्यांत नोकरी करतात. त्यांचे पालक म्युच्युअल फंडातून किंवा थेट त्याच कंपन्यांच्या शेअरमध्ये पैसे घालतात. पण त्या कंपनीचे संचालक कोण, ते पूर्वी काय करत होते आणि त्यांना तिथे का बसवले आहे, हे विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. खरे तर ही माहिती सार्वजनिक असते आणि मोबाइलवर काही मिनिटांत सापडते. ती कशी वाचायची आणि मोठ्या नावांनी दिपून का जायचे नाही, हे समजून घेऊ.

थोडक्यात

• शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला प्रत्येक संचालकाकडे कोणते कौशल्य आहे, याचा तक्ता वार्षिक अहवालात द्यावा लागतो.
• प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला दोन संचालक पुरतात. स्वतंत्र संचालक नेमण्याची तिच्यावर सक्ती नाही. बहुतेक स्टार्टअप याच प्रकारात मोडतात.
• सत्यमच्या मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक आणि माजी कॅबिनेट सचिव होते. तरीही घोटाळा झाला.
• म्हणून पदव्यांबरोबर मंडळातील माणसांची सरमिसळ, त्यांचे एकमेकांशी नाते आणि त्यांची हजेरी पाहायची.

सहकारातला संचालक आणि कंपनीतला संचालक यांत फरक काय?

पहिला फरक मताचा आहे. सहकारात एक सभासद, एक मत. कंपनीत जितके शेअर तितकी मते. त्यामुळे ज्याच्याकडे मोठा हिस्सा, त्याच्या पसंतीची माणसे मंडळावर जाण्याची शक्यता जास्त.

दुसरा फरक निवडीच्या पद्धतीचा. कंपनीत पॅनेल आणि प्रचार नसतो. आधी मंडळाची नामांकन समिती नाव सुचवते, मंडळ त्या व्यक्तीची नेमणूक करते आणि मग भागधारकांकडून मंजुरी घेतली जाते. ‘सेबी’च्या नियमांनुसार २०२२ पासून नोंदणीकृत कंपनीला नव्या संचालकाच्या नेमणुकीवर पुढच्या सर्वसाधारण सभेत किंवा तीन महिन्यांच्या आत, जे आधी येईल त्या वेळी, भागधारकांची मंजुरी घ्यावी लागते. स्वतंत्र संचालकासाठी सामान्यतः विशेष ठराव लागतो. म्हणजे दिलेल्या मतांपैकी किमान ७५ टक्के मते बाजूने हवीत. तुमच्याकडे एक शेअर असला तरी ई-व्होटिंगने मत देता येते. त्याची सूचना ई-मेलवर येते आणि बहुतेक जण ती न उघडताच पुसून टाकतात.

सहकारात ‘तज्ज्ञ संचालक’ हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे. कायद्याचा हेतू बँकिंग, वित्त, व्यवस्थापन जाणणारा माणूस मंडळावर यावा असा. प्रत्यक्षात अनेकदा निवडणुकीत संधी हुकलेल्या कार्यकर्त्याची सोय त्यातून लावली जाते. कंपनीच्या बाबतीतही हाच प्रश्न विचारायचा : हा माणूस कामासाठी घेतला आहे की नावासाठी?

मंडळात कोणकोणत्या प्रकारचे संचालक असतात?

चार प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे.

*प्रवर्तक संचालक :* ज्यांनी कंपनी सुरू केली ते किंवा त्यांचे कुटुंबीय.

*कार्यकारी संचालक :* कंपनीत पूर्णवेळ काम करणारे, पगार घेणारे. व्यवस्थापकीय संचालक याच गटात येतात. प्रवर्तक स्वतः कार्यकारी संचालक असू शकतो.

*नामनिर्देशित संचालक :* मोठा गुंतवणूकदार किंवा वित्तसंस्था आपल्या पैशावर लक्ष ठेवण्यासाठी पाठवते तो प्रतिनिधी.

*स्वतंत्र संचालक :* ज्याचे प्रवर्तकांशी नाते नाही आणि कंपनीशी कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे आर्थिक हितसंबंध नाहीत, असा बाहेरचा माणूस. त्याला कंपनीचे स्टॉक ऑप्शन घेता येत नाहीत. बैठकीचा भत्ता एका बैठकीमागे जास्तीत जास्त एक लाख रुपये. एका वेळी पाच वर्षांपर्यंत, अशा सलग दोनच मुदती मिळतात.

कंपनी कायदा २०१३ नुसार शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत किमान एकतृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. सेबीचा नियम आणखी कडक आहे. अध्यक्ष कार्यकारी असेल किंवा प्रवर्तकांपैकी असेल, तर किमान निम्मे मंडळ स्वतंत्र हवे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांत किमान एक महिला स्वतंत्र संचालक असणे बंधनकारक आहे. एका व्यक्तीला जास्तीत जास्त सात नोंदणीकृत कंपन्यांवर संचालक राहता येते.

पुण्यातल्या कंपन्यांची मंडळे काय सांगतात?

कोल्हापूरकरांच्या ओळखीच्या तीन कंपन्या घेऊ. तिन्ही मराठी माणसांनी पुण्यात उभ्या केल्या, पण संस्थापकांची पार्श्वभूमी एकमेकांपासून पूर्ण वेगळी. त्यामुळे प्रत्येकीच्या मंडळाला वेगळ्या प्रकारच्या माणसांची गरज पडली.

*क्विक हील :* संस्थापक कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सुटले आणि पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामातून सुरुवात झाली. धाकटे बंधू संजय यांनी संगणकाचे शिक्षण घेतले आणि अँटिव्हायरस लिहिला. १९९५ मध्ये ‘कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ या नावाने कंपनीची नोंदणी झाली, २००७ मध्ये नाव बदलले आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

दोन सख्खे भाऊ प्रवर्तक आणि दोघेही मंडळावर, अशा कंपनीत बाहेरच्या नजरेची गरज जास्त असते. २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने ६० कोटी रुपये गुंतवले आणि गुंतवणूकदाराचा प्रतिनिधी मंडळावर आला. पुढे हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले आणि फॉरेन्सिक अकाउंटिंगच्या तज्ज्ञ अपूर्वा जोशी स्वतंत्र संचालक म्हणून मंडळावर आले. सायबर सुरक्षेच्या कंपनीत संरक्षण क्षेत्राची जाण असलेला माणूस आणि आकड्यांतील लबाडी शोधणे हाच व्यवसाय असलेली व्यक्ती कशासाठी, हे वेगळे सांगायला नको.

*केपीआयटी :* या नावातील ‘के’ आणि ‘पी’ म्हणजे किर्तने आणि पंडित. ‘किर्तने अँड पंडित’ ही पुण्यातील जुनी चार्टर्ड अकाउंटंट फर्म. रवी पंडित आणि किशोर पाटील हे दोघेही सीए. रवी पंडित यांनी पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये व्यवस्थापनाचे शिक्षण घेतले. १९९० मध्ये सुरू झालेली ही कंपनी आज मोटारींसाठी सॉफ्टवेअर बनवते.

म्हणजे हिशेबाची बाजू संस्थापकांच्या घरचीच होती. उणीव होती ती वाहन आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या जाणकारांची. वेगवेगळ्या काळात मंडळावर आलेली नावे पाहा : कमिन्स इंडियाचे प्रमुख राहिलेले अनंत तळवलीकर, ह्युंदाई मोटर इंडियाचे माजी अध्यक्ष बी. व्ही. आर. सुब्बू आणि बर्कली विद्यापीठातील प्राध्यापक अल्बर्टो सांजोव्हानी-व्हिन्सेंटेली. चिपचे आराखडे बनवण्यासाठी जगभर वापरली जाणारी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या केडन्स आणि सिनॉप्सिस या दोन कंपन्यांच्या संस्थापकांत या प्राध्यापकांचे नाव आहे. पुण्याच्या सीओईपीतून मेकॅनिकल इंजिनीअर झालेल्या आणि अल्फा लावल इंडियाचे नेतृत्व केलेल्या लीला पूनावालाही या मंडळावर होत्या.

*पर्सिस्टंट सिस्टिम्स :* इथे उलटे चित्र. संस्थापक आनंद देशपांडे आयआयटी खरगपूरचे संगणक अभियंता, अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठातून पीएचडी, त्यानंतर ह्युलेट-पॅकार्डच्या संशोधन प्रयोगशाळेत काम. १९९० मध्ये पुण्यात परतून त्यांनी कंपनी काढली. २०१० मध्ये ती शेअर बाजारात आली.

तंत्रज्ञानाची बाजू इथे आधीच भक्कम होती. म्हणून टाटा कॅपिटलचे माजी प्रमुख प्रवीण कडले यांच्यासारखी वित्त क्षेत्रातील व्यक्ती मंडळावर आली. टाटा स्टारबक्सच्या पहिल्या सीईओ अवनी दावडा याही मंडळावर आल्या. सॉफ्टवेअर कंपनीत कॉफीच्या दुकानांची साखळी चालवणाऱ्या व्यक्तीचे काय काम? ग्राहक, ब्रँड आणि वेगाने वाढणारी मोठी संस्था सांभाळण्याचा अनुभव, हे त्याचे उत्तर. तंत्रज्ञानाचा धागाही सोडलेला नाही. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक दीपक फाटक मंडळावर राहिले. २०२० मध्ये संदीप कालरा सीईओ झाले. मंडळाचे अध्यक्षपद आणि सीईओपद दोन वेगळ्या व्यक्तींकडे राहिले.

तिन्ही उदाहरणांत एकच सूत्र दिसते. संस्थापकाला जे येत नाही, ते येणारी माणसे मंडळावर हवीत. सगळे मंडळ एकाच साच्यातले असेल, मग ते सगळे आयआयटीचे का असेनात, तर एकाला न दिसलेली गोष्ट दुसऱ्यालाही दिसण्याची शक्यता कमी.

मग मोठी नावे असली की कंपनी सुरक्षित, असे समजायचे का?

अजिबात नाही. याचा सर्वांत महागडा धडा हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सने दिला.

२००८ मध्ये सत्यमच्या मंडळावर कोण होते? हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक कृष्णा पालेपू. इंटेलच्या पेंटियम चिपचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम. इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता एम. राममोहन राव. माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद. आयआयटी दिल्लीचे माजी संचालक व्ही. एस. राजू. कागदावर यापेक्षा चांगले मंडळ शोधणे कठीण होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीला उत्तम कारभारासाठीचा ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कारही मिळाला होता.

१६ डिसेंबर २००८ रोजी या मंडळाने मायटास प्रॉपर्टीज आणि मायटास इन्फ्रा या दोन कंपन्या १.६ अब्ज डॉलरला विकत घेण्यास मंजुरी दिली. दोन्ही कंपन्या सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्या. ‘मायटास’ हे नाव म्हणजे इंग्रजीत ‘सत्यम’ उलटे लिहिलेले. सॉफ्टवेअर कंपनीचा पैसा अध्यक्षांच्या कुटुंबाच्या बांधकाम व्यवसायात जाणार होता. गुंतवणूकदार भडकले आणि काही तासांतच व्यवहार मागे घ्यावा लागला. डिसेंबर संपण्याआधी चार संचालकांनी राजीनामे दिले. ७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेल्या रोख आणि बँकेतील शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत.

चिपचा शास्त्रज्ञ, व्यवस्थापनाचा प्राध्यापक, सनदी अधिकारी, सगळे हुशार. पण बँकेतील शिल्लक खरोखर आहे का, हे शोधून काढणे यांपैकी कोणाच्याही हातून झाले नाही. राजू आणि त्यांच्या साथीदारांना २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरवले.

यानंतर जे घडले ते जास्त शिकण्यासारखे आहे. केंद्र सरकारने जुने मंडळ बरखास्त करून नवे नेमले. नॅसकॉमचे माजी अध्यक्ष किरण कर्णिक, एचडीएफसीचे दीपक पारेख, रोखे अपील न्यायाधिकरणाचे माजी प्रमुख सी. अच्युतन, उद्योग संघटना सीआयआयचे तरुण दास, सीएंच्या राष्ट्रीय संस्थेचे माजी अध्यक्ष टी. एन. मनोहरन आणि एलआयसीचे एस. बी. मैनक. आयटी उद्योग, बँकिंग, कायदा, उद्योगजगत, लेखापरीक्षण आणि सरकारी गुंतवणूक संस्था, प्रत्येकातून एक. संकट ज्या प्रकारचे, त्या प्रकारची माणसे. एप्रिल २००९ मध्ये म्हणजे अवघ्या तीन महिन्यांत कंपनीला नवा मालक मिळाला, तो पुण्याच्या टेक महिंद्राच्या रूपाने. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या त्यामुळे वाचल्या.

परदेशातही असे घडले आहे का?

अमेरिकेतील थेरानोस ही कंपनी रक्ताच्या काही थेंबांत अनेक तपासण्या करणारे यंत्र बनवल्याचा दावा करत होती. तिच्या मंडळावर माजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ आणि हेन्री किसिंजर, माजी संरक्षणमंत्री विल्यम पेरी, लष्करातील जनरल जेम्स मॅटिस, माजी सिनेटर सॅम नन असे दिग्गज होते. युद्ध आणि परराष्ट्र धोरणाचा अनुभव भरपूर, पण पॅथॉलॉजी लॅब चालवलेला माणूस जवळपास नाहीच. २०१५ मध्ये वृत्तपत्रातील शोधबातमीने दाव्यातील फोलपणा उघड केला. संस्थापक एलिझाबेथ होम्स जानेवारी २०२२ मध्ये दोषी ठरल्या.

सत्यममध्ये मंडळ ज्ञानी होते, पण प्रश्न विचारले गेले नाहीत. थेरानोसमध्ये मंडळ वजनदार होते, पण योग्य प्रश्न कोणते हेच माहीत असणारी माणसे कमी होती.

संचालकांनी राजीनामे दिले तर त्याचा अर्थ काय?

एखादा राजीनामा वय, प्रकृती किंवा मुदत संपल्यामुळे असू शकतो. पण थोड्या दिवसांत अनेक राजीनामे आणि त्याच सुमारास लेखापरीक्षकही बाहेर पडला, तर ती धोक्याची घंटा समजावी.

बायजूज हे ताजे उदाहरण. आपल्याकडच्या पालकांना टॅब आणि शिकवणीच्या ॲपमुळे हे नाव चांगलेच ठाऊक आहे. जून २०२३ मध्ये तीन मोठ्या गुंतवणूकदारांच्या प्रतिनिधींनी मंडळ सोडले आणि लेखापरीक्षक डेलॉइटनेही काम सोडले. मागे उरले तीन संचालक : बायजू रवींद्रन, त्यांच्या पत्नी दिव्या गोकुळनाथ आणि भाऊ रिजू रवींद्रन. म्हणजे मंडळाची बैठक आणि घरची बैठक यांत फरक उरला नाही. २०२४ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्याआधीचे वर्षभर ही नावे सार्वजनिक नोंदींत कोणालाही दिसत होती.

मंडळाला खरेच इतकी ताकद असते का?

कायद्याने असते. सीईओला नेमणे आणि काढणे मंडळाच्या हातात. पण ताकद वापरण्यासाठी पाठबळ लागते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या मंडळाने १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सीईओ सॅम ऑल्टमन यांना अचानक काढून टाकले. ७०० हून अधिक कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडण्याचा इशारा देणाऱ्या पत्रावर सह्या केल्या, मोठा गुंतवणूकदार मायक्रोसॉफ्टही ऑल्टमन यांच्या बाजूने उभा राहिला आणि पाच दिवसांत ते परतले. बदलले ते मंडळच. सेल्सफोर्सचे माजी सह-सीईओ ब्रेट टेलर नव्या मंडळाचे अध्यक्ष झाले.

आपल्याकडे २०१७ मध्ये इन्फोसिसमध्ये संस्थापक नारायण मूर्ती आणि तत्कालीन मंडळ यांच्यात कारभाराच्या मुद्द्यांवरून जाहीर वाद झाला. ऑगस्टमध्ये सीईओ विशाल सिक्का यांनी राजीनामा दिला, मंडळ बदलले आणि सहसंस्थापक नंदन नीलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. कागदावरचे अधिकार आणि प्रत्यक्षातील वजन यांत अंतर असते, हे दोन्ही घटनांत दिसले.

मोबाइलवर ही माहिती कशी शोधायची?

*कंपनी शेअर बाजारात नोंद असलेली असेल तर :*

१. कंपनीच्या संकेतस्थळावर ‘इन्व्हेस्टर्स’ विभागात ताजा वार्षिक अहवाल उघडा. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवरही तो मोफत मिळतो.

२. त्यात ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स रिपोर्ट’ शोधा. पीडीएफ शेकडो पानांची असते, म्हणून सर्चमध्ये हे शब्द टाका.

३. तिथे संचालकांचा कौशल्य तक्ता मिळेल. आडव्या-उभ्या रकान्यांत कोणाला वित्त कळते, कोणाला तंत्रज्ञान, कोणाला कायदा, हे नावानिशी दिलेले असते. सगळ्यांच्या नावापुढे सगळ्याच खुणा असतील, तर त्या तक्त्यावर फार विसंबू नका.

४. त्याच भागात बैठकांची हजेरी असते. वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. वारंवार गैरहजर राहणारा संचालक कितीही मोठा असला, तरी कंपनीला त्याचा उपयोग नावापुरताच.

५. लेखापरीक्षण समितीत कोण आहे ते पाहा. नोंदणीकृत कंपनीत या समितीचे दोनतृतीयांश सदस्य स्वतंत्र असावे लागतात आणि अध्यक्षही स्वतंत्रच. हिशेबावर पहिली नजर याच समितीची असते.

६. संचालकांचे आपसातील नातेही अहवालात जाहीर करावे लागते. पती, पत्नी, भाऊ, मुलगा असे उल्लेख तिथे सापडतात.

*कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर :*

इथे वार्षिक अहवाल संकेतस्थळावर मिळेलच असे नाही. पण केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर ‘मास्टर डेटा’ या पर्यायात कंपनीचे नाव टाकले, की मूलभूत माहिती मोफत दिसते. त्यासाठी पोर्टलवर नोंदणी करून लॉग-इन करावे लागू शकते. नोंदणीची तारीख, भांडवल, नोंदणीकृत पत्ता, शेवटचा ताळेबंद कधी सादर केला आणि संचालकांची नावे तिथे असतात. एका कंपनीची सविस्तर कागदपत्रे पाहायची असतील तर १०० रुपये शुल्क आहे.

प्रत्येक संचालकाला आठ अंकी ओळख क्रमांक असतो, त्याला ‘डिन’ म्हणतात. त्यावरून ती व्यक्ती आणखी कोणत्या कंपन्यांत आहे, हे कळू शकते. सलग तीन वर्षे विवरणपत्रे न भरणाऱ्या कंपनीचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ मध्ये केंद्राने अशा तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले होते.

सीआयएन क्रमांकातून काय कळते?

कंपनीच्या लेटरहेडवर २१ अक्षरांचा सीआयएन छापावा लागतो. ऑफर लेटरवर तो नसेल तर आधी विचारा.

पहिले अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंद असलेली, ‘यू’ असेल तर नसलेली. पुढचे पाच अंक उद्योगाचा प्रकार सांगतात. त्यानंतरची दोन अक्षरे राज्याची, महाराष्ट्रासाठी ‘एमएच’. मग चार अंकी नोंदणी वर्ष. त्यापुढे ‘पीएलसी’ म्हणजे पब्लिक लिमिटेड आणि ‘पीटीसी’ म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड. शेवटचे सहा अंक नोंदणी क्रमांक.

इन्फोसिसची नोंदणी २ जुलै १९८१ रोजी पुण्यात झाली, पण तिच्या सीआयएनमध्ये राज्य कर्नाटक आहे. कारण १९८३ मध्ये कंपनी बेंगळुरूला गेली आणि क्रमांक सध्याच्या नोंदणीकृत कार्यालयानुसार असतो. टीसीएसच्या क्रमांकात १९९५ दिसते, कारण १९६८ मध्ये टाटा सन्सचा विभाग म्हणून सुरू झालेल्या टीसीएसची स्वतंत्र कंपनी म्हणून नोंदणी १९९५ ची आहे. पण ‘वीस वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्या एखाद्या अनोळखी कंपनीची नोंदणी गेल्या वर्षीची असेल, तर मधल्या काळात काय होते, हे विचारायला हरकत नाही.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी काय लक्षात ठेवावे?

प्रायव्हेट लिमिटेड असणे यात गैर काही नाही. क्विक हीलही अनेक वर्षे तशीच होती. दोन मित्रांनी काढलेल्या स्टार्टअपच्या मंडळावर दोघेच असतील तर तेही नियमात बसते. पण खालीलपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर थांबा :

• नोकरीआधी प्रशिक्षणाच्या किंवा अनामत रकमेच्या नावाखाली पैसे मागितले जातात.
• संकेतस्थळावर ‘सल्लागार’ म्हणून मोठी नावे झळकतात, पण एमसीएच्या नोंदीत त्यांपैकी कोणीच संचालक नाही. सल्लागारावर संचालकाची कायदेशीर जबाबदारी नसते.
• एकच व्यक्ती अल्पावधीत काढलेल्या अनेक कंपन्यांची संचालक आहे आणि बहुतेक कंपन्या बंद किंवा नोंदणी रद्द झालेल्या आहेत.
• दोन-तीन वर्षांचा ताळेबंद सादरच केलेला नाही.
• ‘एआय’ने ट्रेडिंग करून दरमहा ठरावीक परतावा देण्याचे आश्वासन आहे, पण कंपनीची सेबीकडे नोंदणी नाही.

संचालकाची पदवी आणि जुने पद हे तपासणीचे पहिले पाऊल आहे, शेवटचे नाही. त्यानंतर तीन प्रश्न विचारायचे. कंपनीचा जो व्यवसाय आहे तो मंडळातील किमान दोघा-तिघांना आतून कळतो का? हिशेब वाचू शकणारा आणि प्रवर्तकाशी नाते नसलेला माणूस मंडळावर आहे का? आणि तो बैठकांना हजर राहतो का?

गोकुळच्या निवडणुकीत उमेदवाराची कुंडली मांडणाऱ्या जिल्ह्याला ही चौकशी अवघड नाही. फरक इतकाच, की इथे ती गावच्या पारावर नव्हे तर एमसीएच्या पोर्टलवर आणि वार्षिक अहवालाच्या पानांत करायची आहे. ऑफर लेटरवर सही करण्याआधी किंवा शेअर खरेदीचे बटण दाबण्याआधी तेवढा वेळ काढा.